खिडकीतला कप

रामकृष्णरावांनी तो कागद तिसऱ्यांदा वाचला आणि घडी घालून खिशात टाकला. हिंदीत छापलेला होता. उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं नाव, येत्या शुक्रवारची तारीख, आणि मागून मिळालं नाही ते आता आगीतून घेऊ, अशा अर्थाचं एक वाक्य.

रविवारी सकाळी कागद सापडला तो ओसरीच्या पायरीवर. त्या पायरीवर कोण बसतं हे सांगायला चौबे कॉलोनीत ज्योतिषी नको होता. मोलकरीण कांताबाईंचा मुलगा, प्रशिक. आईची भांडी होईस्तोवर तो तिथं बसायचा, मग तिला मोटरसायकलवर बीरगावला घरी न्यायचा. रामकृष्णरावांची मुलगी निधी हॉस्टेलवरून घरी आली की तिथंच बसून त्याला इंग्रजी शिकवायची; शनिवारीही येऊन गेली होती. दोन वर्षांपूर्वी प्रशिकचा बाप, गुलाबराव, त्याच कारखान्याच्या भट्टीपाशी भाजून मेला होता आणि मालकांनी हात झटकले होते. असा पोट्टा बिघडणार नाही तर काय होणार?

त्यांच्या बायकोला, इंदूताईंना, तर आधीच संशय होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत बाहेरच्या बाजूला एक हिरवा कप असे, कान तुटलेला. तो कांताबाईंचा. आम्ही जातपात मानत नाही, असं इंदूताई सगळ्यांना सांगत आणि त्यांना ते खरंच वाटे. कप मात्र पंधरा वर्षं खिडकीतच राहिला. एकदा प्रशिकनं त्यातला चहा तसाच ठेवला होता, आणि गेल्या महिन्यात कपच गायब झाला. फोडला असेल मेल्यानं, म्हणत त्यांनी दुसरा आणला. निधीनंही हल्ली घरचा चहा सोडला होता. ॲसिडिटी होते म्हणायची.

रामकृष्णरावांनी प्रशिकला कागद दाखवला. त्याचा चेहरा उतरला. आत कोणी ऐकत नाही ना, हे त्यानं दारातून पाहून घेतलं.

"काका, मले चार दिवस द्या. मी थांबवतो हे. पोलिसात नका जाऊ. तुमच्याच घरासाठी सांगून राहिलो."

ही सरळ धमकी होती. रामकृष्णराव जन्मभर रेल्वेच्या हापिसात फायली हलवलेले, घाबरलेच ते. गुरुवारी प्रशिकची रेल्वेची मेडिकल आहे, ती चुकली की नोकरी गेली, हेही त्यांना ठाऊक होतं. फॉर्म त्यांनीच भरून दिला होता. तरी त्याच दुपारी ते ठाण्यात गेले.

सोमवारी प्रशिकला उचललं.

मंगळवारी कांताबाई कामावर आल्या, डोळे सुजलेले. "साहेब, तुम्ही बोला ना पोलिसाईले. बाप मेला तेव्हाबी कोणाले वाकडं नाही बोलला माझा पोट्टा."

पाहतो, असं म्हणून रामकृष्णरावांनी पेपर तोंडासमोर धरला. त्यांना लाज वाटली, पण थोडीच. कांताबाईंनी भांडी घासली, नव्या कपातून चहा घेतला, कप धुऊन खिडकीत ठेवला.

संध्याकाळी इंदूताईंनी निधीला फोनवर सगळं सांगितलं. पोरीनं एवढंच विचारलं, "पुलिस को किसने बताया?"

बाबांनीच, आपल्या जिवाची काळजी नको का, असं इंदूताई म्हणाल्या. निधीनं फोन ठेवला.

गुरुवारची मेडिकल प्रशिकविना झाली. शुक्रवारी भरदुपारी कारखान्याचं गेट पेटलं आणि एक चौकीदार जिवानिशी गेला. बघ, साथीदार होतेच त्याचे, असं रामकृष्णराव बायकोला म्हणाले. ठाण्यात गेलो ते बरंच केलं, असं त्यांना पुढचे दोन तास वाटत राहिलं.

मग इन्स्पेक्टर आले. पाणी नको म्हणाले. गेटपाशी एक मुलगी भाजली होती, बोलायच्या स्थितीत नव्हती, तक्रार याच घरातली, म्हणून तिची ओळख पटवायला ते इथं आले होते.

"वो लड़का पाँच दिन से एक ही बात बोल रहा है," ते खाली बघत म्हणाले. "मुझे छोड़ दो, वो सिर्फ मेरी सुनती है. नाम नहीं बताया उसने."

मुलीची पिशवी रस्त्यापलीकडे सापडली होती. तिच्यातली गाठ मारलेली एक जांभळी ओढणी त्यांनी टेबलावर ठेवली. इंदूताईंनीच निधीला घेतलेली, दिवाळीत. इन्स्पेक्टरांनी गाठ सोडली. आत हिरवा कप होता, कान तुटलेला.