नवी कातडी

हर्षा अकोल्याला जनावरांच्या जखमांवर संशोधन करत होती. जखम भरताना कातडी सांधणारं कोलॅजेन किती वाढतं, हे पाहायला ती भातकुलीच्या नत्थुजींच्या बैलाच्या खांद्यावरून चिमटीएवढा तुकडा नेई. जू घासून तिथे मोठी जखम झाली होती. या वेळी आकडा इतका वर गेला, की तिने तपासणी पुन्हा केली. आकडा तोच आला.

म्हणून ती पुन्हा गोठ्यात आली. जखम पुरती भरली होती. नवी कातडी मऊ होती, गव्हाळ आणि बिनकेसांची. तिच्यावर हिरवे ठिपके होते. औषधाचा रंग असेल म्हणून हर्षाने स्पिरिटचा बोळा घासला. ठिपके गेले नाहीत, उलट त्यांतून तुळशीवृंदावन स्पष्ट दिसू लागलं.

"हे तुम्ही गोंदवलंत?" तिने विचारलं.

नत्थुजी वाकून पाहत राहिले.

"आमच्या आशाच्या हातावर असंच होतं," ते म्हणाले. "माही बायको. मागच्या दिवाळीत वारली ते."

हर्षाने कातडी बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि थोडं थांबून नमुन्यासाठी ब्लेड उचललं. बैल निवांत कडबा चघळत होता.

"हळू करा, मॅडम. दुखते."

"बधिर केलंय, नत्थुजी. त्याला काही कळणार नाही."

"त्याले नाही म्हनत मी."

ब्लेड टेकलं. बैलाने मानही वळवली नाही. तळहाताएवढ्या त्या कातडीवर मात्र सर्रकन काटा उभा राहिला.