छातीच्या वर

गेल्या हिवाळ्यात छपरावरचं बर्फ ओढताना आई घसरली, तेव्हापासून सायोको तिला "निइगाता शहरात माझ्याकडे चल" म्हणून विनवत होती. आईची अट एकच होती. प्रार्थनाकीटक जितक्या उंचीवर अंडी घालतो तितकं बर्फ पडतं, असं गावात मानत. अंडी छातीच्या वर दिसली, तरच ती घर सोडणार.

नोव्हेंबरात सायोको आली. कुंपणाच्या फळीवर, जेमतेम गुडघ्याएवढ्या उंचीवर अंड्यांचा कोश पाहून तिचा चेहरा पडला. "जिंकलीस बाई! राहा एकटी."

आईनं वाकून कोश नखानं दाबला. "डोळे कुठे असतात गं तुझे? हा लांबट आहे, लाकडासारखा कडक, पाठीवर कंगोरे. हा बारक्या जातीचा. त्याला बर्फातलं काय कळतंय? आपल्या मोठ्या किड्याचा कोश गोल, फुगीर असतो. वाळलेल्या फेसासारखा."

"मग तो कुठाय?"

आईनं तुतीच्या झाडाकडे बोट केलं. कोश तिच्या डोक्याच्याही वर होता. सायोकोनं टाचा उंचावून तो दाबला. मऊ लागला.

"सुटले गं, आई!"

"काय करणार," आई कुरकुरली. "किडाच म्हणतोय, तर यायला हवं."

तिचं मन बदलायच्या आत सामान भरावं म्हणून सायोको घरात धावली. कपाट रिकामं होतं. दाराआड दोन गाठोडी बांधून तयार होती, आणि लोणच्यावर ठेवायचा दगडसुद्धा कापडात गुंडाळून झाला होता.