न मोजलेलं पाणी

जलकेंद्राच्या टाकीतले गप्पी मासे सकाळपासून तोंड वर काढून होते. आता त्यांतला एक आडवा झाला. पडद्यावर तरीही हिरवी अक्षरं होती: पाणी शुद्ध.

"उन्हानं असेल, शरयूताई," व्हॉल्व्हवर हात ठेवून दामोदर म्हणाला. "मशिनपेक्षा मासे शहाणे का? सोडतो पाणी. गाव खोळंबलंय."

नदीवरची यंत्रं एकसारखेच आकडे देतात, म्हणून खर्च वाचवायला शरयूनंच एक सोडून बाकीची काढायला लावली होती. उरलेल्या एकावरून बाकी सगळे आकडे गणितानं निघत. त्या यंत्राच्या खालच्या अंगाला, जलकेंद्राच्या वर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून ती याविषयी बोलायचं टाळत होती.

दुसरा मासा उलटला.

"सोडू नका," ती म्हणाली. "खालच्या गावांनाही कळवा, कारखान्याखालचं पाणी कुणी मोजलेलंच नाही."