न झाडलेला खरारा

“आजी, घोडी अस्सल होती, पण हे शिंगरू तिचंच कशावरून?” नोंदणीवाल्या साहेबांनी विचारलं. “कागद नाहीत. नातं तपासायला घोडीचे केस द्या. नाहीतर मिश्र जात लिहीन.” “मिश्र? तुमची जीभ झडो!” घोडी हिवाळ्यातच गेली होती. आजीने जपलेली आयाळीची बट पुढे केली. “ही कात्रीने कापलेली. तपासणीला केसाचं मूळ हवं.” “मेलेल्या जिवाचे केस उपटायचे होते होय?” आजी कडाडली, पण हटली नाही; तरातरा तबेल्यात शिरली. खिळ्याला घोडीचं अंग घासायचा खरारा लटकत होता, दात करड्या केसांनी गच्च. घोडी गेल्यापासून तो साफ केला नाही म्हणून आजी सुनेला रोज फैलावर घेई. “हात धजला नाही, आई,” दारातली सून पुटपुटली. आजीने एक केस उजेडात धरला. टोकाला मूळ होतं. खरारा तिने साहेबांपुढे ठेवला. “जपून न्या. माझ्या सुनेचा आळस आहे.”