एकच दुरुस्ती

१९८६ साल. घाटकोपरच्या छापखान्यात दशरथ उद्योगपतींच्या संमेलनाच्या स्मरणिकेचे खिळे जुळवत होता. 'मुंबईचं पुढं काय होणार?' असं त्यात अकरा शेठजींना विचारलं होतं आणि अकराही जणांनी शहराचं भवितव्य इतकं उज्ज्वल करून ठेवलं होतं, की 'ज्ज्व'चे खिळे कमी पडले. शेजारच्या छापखान्यातून मागून आणावे लागले.

शेवटचा मजकूर मुलुंडच्या शेठचा होता. दशरथचा मुलगा अनंता त्याच्याच कारखान्यात लेथवर होता. 'मुंबई सोडण्याचा विचारही माझ्या मनाला शिवत नाही,' असं शेठनं लिहिलं होतं. दशरथनं ते वाक्य एकेक अक्षर वेचून जुळवलं आणि घरी गेल्या गेल्या बायकोला म्हणाला, "सुगंधा, मुलीकडच्यांना होकार कळव. अन्याची नोकरी पक्की आहे."

"थांबा ना जरा. माझ्या भावाची गिरणी बसली, तेव्हाही सगळे असंच म्हणत होते."

"अगं, नाव-पत्त्यासकट छापून येतंय! शेठ खोटं कशाला लिहील?"

रविवारी सुपारी फुटली.

सोमवारी शेठनं तपासलेलं प्रूफ परत आलं. मजकुराला त्यानं कुठंही हात लावला नव्हता.



फक्त खाली, कारखान्याच्या पत्त्यातलं 'मुलुंड, मुंबई' लाल शाईनं खोडून लिहिलं होतं, 'वापी, गुजरात'.