पिठातलं पत्र

मेरीमनं पत्र दोनदा वाचलं आणि पिठाच्या पिंपात खोल खुपसलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सासूपुढे उभी राहिली. अल्माकान नुकतीच भट्टीतून नान काढून चहाला बसली होती.

"अपा, वसंतात तपासणीची गाडी आली होती ना? माझ्यात वावगं निघालंय. गर्भाशयाच्या तोंडाशी. कराकोलच्या दवाखान्यात बोलावलंय, भिंगातून बघणार म्हणे."

अल्माकाननं प्याला खाली ठेवला आणि सुनेकडे बराच वेळ पाहिलं.

"एकटी जाऊ नकोस. मी येते."

याचंच मेरीमला नवल वाटलं. म्हातारीला दवाखान्याचं नाव काढलेलं खपायचं नाही. "या वयात परक्यापुढे कपडे सोडू?" म्हणायची. वसंतातही मेरीमनं हाताला धरून ओढली, तेव्हा कुठे नमुना दिला होता.

कराकोलच्या बाजारात मेरीमनं वाटेसाठी फळं घेतली. "ती लाल, गोल द्या."

विकणारी फिस्सकन हसली. "सासूच्या नावात सफरचंद आहे वाटतं!"

होतंच. त्यांच्या भाषेत अल्मा म्हणजे सफरचंद, आणि सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. नऊ वर्षांत मेरीमनं ते ओठांवर येऊ दिलं नव्हतं.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "नाव?"

मेरीमनं मुकाट्यानं पत्र पुढे सरकवलं.

"तोंड नाही का गं तुला?" नर्सनं कागदावरचं पीठ झटकलं, वाचलं आणि दोघींना आत पाठवलं.

दारापाशी मेरीम थबकली. "अपा, मला भीती वाटते. आधी तुम्ही दाखवून घ्या ना."

"दोन पोरं झाली तरी भित्री ती भित्रीच! सर बाजूला." अल्माकाननं रुमाल घट्ट बांधला आणि आत गेली.

ती बऱ्याच वेळानं बाहेर आली. "तांदळाएवढा तुकडा घेतला तपासायला. मुंगी चावल्यागत. जा आता तू."

मेरीमही जाऊन आली.

तीन आठवड्यांनी दोघी पुन्हा डॉक्टरीणबाईंपुढे बसल्या. "कर्करोग नाही," बाई म्हणाल्या. "पण अजून काही वर्षं तसंच राहिलं असतं, तर झाला असता. तेवढा भाग सोमवारी काढू. वेळेवर आलात."

मेरीमनं बाईंचे दोन्ही हात धरले आणि ढसाढसा रडली. अल्माकाननं तळवे चेहऱ्यावरून फिरवून देवाचे आभार मानले.

परतीच्या गाडीत मेरीमला काहीतरी सांगायचं होतं; बाजारातून पुन्हा घेतलेली फळांची पिशवी तिनं सासूच्या मांडीवर ठेवली.

अल्माकाननं एक सफरचंद रुमालाच्या टोकाला पुसलं आणि तिच्या हातात दिलं.

"खा. देव तुझं भलं करो, पोरी, फार उपकार झाले. फक्त यापुढे माझ्या नावाचं पत्र पिठात लपवू नकोस. घरात पीठ मीच मळते."