पुसलेला ठिपका

फोटोवाल्याने भिंग काढून कॅमेरा पालथा धरला आणि रबरी पंपाने आत हवा मारली. फुस्स. फुस्स. बायकोच्या मांडीवरची त्यांची लेक ठकू प्रत्येक फुस्सला खिदळत होती.

"एवढ्या निगुतीनं कधी घर झाडलंत का हो?" बायको म्हणाली.

"घरातली धूळ गिऱ्हाइकाला दिसत नाही. ही दिसते. परवाच्या लग्नाचे फोटो बघून नवरीचा बाप म्हणतो, आभाळात माश्या शिरल्यात."

दुकानाच्या मागच्या खोलीतच त्यांचं घर होतं. खिडकीशी फोटोवाल्याची आई बसली होती. त्याचे वडीलही फोटोवालेच. त्यांच्या फोटोंवरचे ठिपके बारीक कुंचल्याने बुजवता बुजवता हिची उमेदीची वर्षं गेली होती. अजूनही कुणी फोटो दाखवला की ती माणसाआधी डाग बघायची.

"आमच्या वेळी बरं होतं बाबा," ती म्हणाली. "एक फोटो काढला की फिल्म पुढे सरकायची. तिच्याबरोबर धूळही जायची. पुढचा फोटो कोरा."

"आता फिल्म कुठली आई? आतली काच एकच. तिच्यावर कण बसला की जागचा हलत नाही. प्रत्येक फोटोत त्याच ठिकाणी डाग. पाहुणा आला नि मुक्कामच ठोकला."

"काढ मग त्याला बाहेर. तुझ्या सासुरवाडीचा तर नाही ना?"

"आई!" बायको हसून म्हणाली.

चपट्या काडीला गुंडाळलेल्या मऊ कापडावर त्याने औषधाचा थेंब घेतला आणि श्वास रोखून आतली काच एका दिशेने पुसली. मग समोरच्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लख्ख.

"आता ठकूचा काढा," बायको म्हणाली. "तिच्या डोळ्यात ती पांढरी टिकली येते मेली. दर वेळी कॉम्प्युटरवर पुसत बसता."

"फ्लॅशमध्ये धूळ चमकते कधी कधी. आता नाही यायची."

फ्लॅश पडला. ठकूने डोळे मिचकावले आणि टाळ्या वाजवल्या.

पडद्यावर तिचा चेहरा आला. उजव्या डोळ्याची बाहुली फ्लॅशने लाल झाली होती, ते नेहमीचंच. डाव्या डोळ्याची बाहुली पांढरी होती. अंधारात मांजराचा डोळा चमकावा तशी.

"राहिला वाटतं एखादा चिवट कण," तो पुटपुटला. पुन्हा पंप, पुन्हा औषध, पुन्हा भिंत. भिंत स्वच्छच होती. तोवर ठकू मांडीवरून उतरून रांगत टेबलाच्या पायाशी पोचली होती. त्याने तिथेच हाक मारली, तिने वळून पाहिलं, त्याने फोटो काढला. घाईत ती पार फोटोच्या कडेला गेली होती. पांढरा ठिपकाही तिथेच होता. डाव्या डोळ्यात.

आई उठून पडद्याजवळ आली. चष्मा वर सरकवून तिने आधीचा फोटो पाहिला, मग हा.

"धूळ जागची हलत नाही म्हणालास ना?"

"हो."

"मग ही ठकूमागे रांगत कशी गेली रे?"

बोलताना ती हसत होती. वाक्य संपलं तेव्हा हसत नव्हती.

फोटोवाल्याने जुने फोटो उघडले. डाग काढायच्या आधीचा मूळ फोटो तो कधी टाकून देत नसे. ठकू चेंडूबरोबर. ठकू आजीच्या कुशीत. ठकू पाळण्यात, जेमतेम मान धरणारी. जिथे जिथे फ्लॅश पडला होता, तिथे तिथे डावी बाहुली पांढरी. पाळण्यातल्या फोटोत नुसता रव्याचा कण. पुढे पुढे मोठा होत गेलेला. आणि प्रत्येक फोटोशेजारी त्याने स्वतःच्या हाताने साफ केलेला दुसरा फोटो, दोन्ही डोळे काळेभोर, एकसारखे. त्यातलाच एक मोठा करून त्याने दुकानाच्या दर्शनी भागात लावला होता. गिऱ्हाइकं म्हणायची, काय पाणीदार डोळे आहेत हो पोरीचे.

"अहो, काय आहे ते?"

त्याच्या हातातली काडी खाली पडली. त्याने ती उचलली नाही.

"मला वाटलं, तुम्ही पुसताय म्हणजे धूळच," बायको म्हणाली. "मी रोज बघते तिच्याकडे. रोज. मला कसं दिसलं नाही?"

"डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं," तो म्हणाला. "आत्ता. अशीच ऊठ."

पण तो स्वतःच उठेना. पडद्यावरचे दोन्ही फोटो तो आळीपाळीने बघत राहिला.

आई गुडघ्यावर हात टेकत सावकाश जमिनीवर बसली. ठकूला तिने समोर घेतलं आणि तिच्या उजव्या डोळ्यावर आपला तळहात धरला. ठकू एकदम थांबली. मान झटकली, दोन्ही हातांनी आजीचा हात ढकलला आणि रडायला लागली.

"नाही गं राणी, नाही," आजीने हात काढला. थोपटलं. ती शांत होईपर्यंत मांडीवर डोलवलं.

मग आजीने डावा डोळा झाकला.

ठकू हसली. हात लांब करून तिने आजीचा चष्मा बरोब्बर पकडला आणि ओढला. डाव्या डोळ्यावरचा तळहात बाजूला सारायचं तिला सुचलंही नाही.